पातेऱ्याचा ढीग

१९५६ साली वेळणेश्वराजवळच्या एका बंदरावर मी फौजदार म्हणून आलो. नाशकाला नवं शिक्षण घेतलेलं, मूळचा साताऱ्याकडचा, त्यात डोकं तापट. बोटांचे ठसे घ्यायची पूड, कुंचला आणि भिंग यांची मला कोण मिजास! चौकीचे हवालदार महिपत शिगवण माझी पेटी बघून नुसते हसले. तीस वर्षं नोकरी झाली होती त्यांची, महिन्याभरात पेन्शनीत निघायचे.

फाल्गुनात करीम तांडेलाच्या घरातून सोन्याच्या दोन बांगड्या गेल्या. मी पूड घेऊन धावलो, तर बांगड्यांचा पितळी डबा चिंचेने घासून लख्ख केलेला!

"सायेब येनार, तं डबा तसाच काळा ठेवू?" करीमची बायको सकिना म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. ठसे गेले, उरला संशय. त्या घरी भात कांडायला काशी नावाची विधवा येत असे. घरात परकी अशी तीच. उद्या तिला चौकीवर आणायचं, असं मी ठरवून टाकलं.

"एक दिस द्या, सायेब," महिपत म्हणाले. "तिच्या पोरीचं लगीन ठरलंय. काशीला चौकीत नेलात तं ते मोडलं म्हणून समजा. मंग बांगड्या गावून काय उपेग?"

"एका दिवसात तुम्ही काय करणार?"

"पातेरा."

पातेरा म्हणजे झाडाखालचा वाळका पाला. शेत भाजायला तो त्या दिवसांत घरोघरी गोळा करतात. महिपतांची रीत अशी: वाडीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाने टोपलीभर पातेरा घेऊन एकट्याने करीमच्या रिकाम्या गोठ्यात जायचं आणि ओतून यायचं. ज्याच्याकडे वस्तू असेल त्याने ती पाल्याबरोबर सोडायची. हवालदार दाराबाहेर पाठ फिरवून बसणार. सगळ्यांचं झालं की ढीग उपसायचा.

"आणि चोर?"

"तो घरी जातो."

"त्याचं नाव?"

"तीस वर्षांत एकदाबी बघितलं नाय मी."

मी हसलो, पण मला राहवेना. चोर आपल्या पायांनी येईल? त्या वेळी त्याचं तोंड कसं दिसत असेल? खरं सांगतो, मी तो दिवस दिला तो काशीची कीव येऊन नव्हे, या उत्सुकतेपोटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली. महिपत पाठ फिरवून बसले आणि मी गोठ्यामागे जाऊन कुडाच्या फटीला डोळा लावला. काशी आली तेव्हा मी श्वास रोखला. तिने टोपली ओतली, उलटी करून झटकली, पदरही झटकून दाखवला. कुणाला दाखवत होती, तिथे तर कोणीच नव्हतं. मला माझीच लाज वाटली. तरी डोळा काही फटीवरून हलला नाही.

बऱ्याच जणांनंतर हौसा आली. महिपतांची सून, करीमच्या शेजारच्याच घरातली. नवरा मुंबईला गिरणीत, वर्षभर त्याचं पत्र नाही. तिने कनवटीच्या बांगड्या काढल्या, दोन्ही हातांनी ढिगात खोल खुपसल्या आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडली. मग डोळे पुसून बाहेर गेली.

दुपारी ढीग उपसला. बांगड्या निघाल्या तशी सकिनाने काशीला मिठी मारली. महिपतांचा चेहरा फुलला होता.

चौकीत परतल्यावर मात्र ते जवळ येऊन बसले.

"गोठ्यामागं पातेरा वाजला, सायेब. बघितलात ना?"

मी ठशांची पेटी उगाच पुसू लागलो.

"मीबी माणूसच हाय. तीस वर्षं जीव वरखाली व्हायचा, पण मान वळवली नाय. आता चाललोच. येक नाव सांगा. कोणाला बोलणार नाय."

सकाळी मला जी खाज सुटली होती तीच त्यांच्या डोळ्यांत होती. नावासाठी हटून बसलेला मी, आणि आता जीभ उचलेना.

"मी काही पाहिलं नाही," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचं तोंड उतरत गेलं.

"तुम्ही नाव लपवताय..." आवाज अगदी बारीक झाला. "सायेब, माझ्याच घरचं काय हो?"

मी वही ओढली, "माल मिळाला, चोर समजला नाही" असं लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि खाली सही केली.