तीन नंबरचा पट्टा

आमचं पॉवरहाऊस बंद झालं तेव्हा कंपनीनं त्याचा इतिहास लिहून घेतला. गुळगुळीत कागदाचं, मांडीवर घेतलं तर पाय दुखतील इतकं जड पुस्तक. पहिली चिमणी कधी उभी राहिली, दुसरं युनिट कधी सुरू झालं, कोण कोण पाहुणे येऊन फीत कापून गेले, सगळं आहे त्यात. तीन नंबरच्या पट्ट्याबद्दल मात्र एकच वाक्य आहे आणि त्यात त्याची लांबी दिलेली आहे. आमच्या घराचं जे काही बरंवाईट झालं ते त्या पट्ट्यावर झालं. म्हणून उरलेलं मी सांगते.

कोळसा मालगाडीनं यायचा. वाघिणी, म्हणजे मालगाडीचे उघडे डबे, उलट्या करून तो खाली खड्ड्यात पाडायचे आणि तिथून रबराच्या रुंद पट्ट्यांवरून तो वर चढत चढत बॉयलरच्या डोक्यावरच्या बंकरमध्ये जायचा. बंकर म्हणजे कोळशाची कोठी. कोठी रिकामी झाली की भट्टी उपाशी, आणि भट्टी उपाशी राहिली की गाव अंधारात. या पट्ट्यांमध्ये तीन नंबरचा सगळ्यात लांब आणि सगळ्यात चढा. पत्र्याच्या बोगद्यातून जायचा. आत उभं राहिलं की पायाखालची जाळी थरथरायची आणि तोंड मिटून घेतलं तरी धूळ दातांत करकरायची.

माझे वडील त्या पट्ट्यावर होते. सांडलेला कोळसा फावड्यानं काढून परत पट्ट्यावर टाकायचा, हे काम. घरी आले की रुमालात नाक शिंकरायचे आणि तो काळा रुमाल आजीपुढे धरून म्हणायचे, "घे आई, आजचा कोटा." आजी किंचाळायची. रोज तेच, आणि रोज दोघंही हसायचे.

एका दुपारी चालत्या पट्ट्याखाली घातलेलं त्यांचं फावडं रोलरमध्ये अडकलं. त्यांनी ते वेळेवर सोडलं नाही, किंवा सोडता आलं नाही. पट्ट्याच्या कडेनं कमरेच्या उंचीवर एक तारेची दोरी असते. कुणीही, कुठूनही ओढली की पट्टा जागच्या जागी थांबला पाहिजे. त्यांच्या पाळीच्या फोरमननं वडिलांना ओढलं जाताना पाहिलं, धावत जाऊन दोरी ओढली, लोंबकळला तिला. पट्टा थांबला नाही.

थांबणार नव्हताच. ओला कोळसा साचला की दोरी आपोआप ताणली जायची आणि पट्टा उगाच बंद पडायचा. त्यावर उपाय म्हणून स्विचच्या डब्यात वायरचा एक तुकडा जोडून दोरी निकामी करून ठेवली होती. सगळ्याच पट्ट्यांवर तसं होतं आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. तीन नंबरवरचा तुकडा वरच्या हुकमावरून फोरमननंच जोडला होता.

चौकशी झाली. चालत्या पट्ट्याखाली फावडं घालणं नियमाविरुद्ध, म्हणून चूक कामगाराची, असं ठरलं. फोरमन आमच्या दारात आला आणि बराच वेळ उभाच राहिला. आजीनं त्याला पाणीही विचारलं नाही. आईनं विचारलं. पाणी न पिताच तो गेला.

वडिलांच्या जागी घरातल्या एकाला नोकरी द्यायची पद्धत होती. कोळसा विभागाचे साहेब नुकतेच बदलून आलेले, माणूस मवाळ. ते आईला म्हणाले, "बाई, कॅन्टीनमध्ये जागा आहे. सावलीतलं काम आहे."

"मला तीन नंबरवर द्या," आई म्हणाली.

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. आईनं पुन्हा तेच सांगितलं.

घरी आजीनं आकाशपाताळ एक केलं. "माझा मुलगा गिळला त्यानं. पोट भरलं नाही म्हणून आता तू निघालीस? या पोरीकडे बघ तरी!"

"तिच्याकडे बघूनच जातेय," आई म्हणाली. "तिथे अजून माणसं काम करतायत. त्यांच्या घरीही पोरी आहेत."

त्या दिवसापासून आजी आईशी बोलली नाही. म्हणजे थेट बोलली नाही. माझ्यामार्फत बोलायची. "तुझ्या आईला सांग, डबा भरून ठेवलाय." आई समोरच उभी असायची.

पहिल्याच पाळीला आई बोगद्यात शिरली आणि फावडं हातात घेण्याआधी तिनं दोरी ओढली. पट्टा आपला चाललाय. वडिलांना जाऊन इतके महिने झाले होते आणि वायरचा तुकडा तिथेच होता. आई सरळ फोरमनकडे गेली.

"भाऊजी, दोरी ओढली. पट्टा थांबला नाही."

फोरमन दचकला. "का ओढलीत वहिनी? काय झालं?"

"काही झालं नाही, म्हणून ओढली. काही झाल्यावर ओढून काय होतं, ते तुम्ही पाहिलंय."

 आई बोगद्याच्या तोंडाशी फावडं आडवं ठेवून बसली. दोरी सुरू होईपर्यंत मी चालत्या पट्ट्याजवळ जाणार नाही, म्हणाली. तिला समज दिली गेली. तिची कॅन्टीनला बदली झाली. ती रोज कॅन्टीनमध्ये सही करायची आणि जेवणाच्या सुट्टीत बोगद्यात येऊन दोरी ओढून बघायची. मग साहेबांच्या केबिनबाहेर उभी राहून फक्त एवढंच सांगायची, "आजही नाही थांबला." आवाज चढवायची नाही, रडायची नाही. साहेब पुढे पुढे तिला पाहून मागच्या दारानं निघू लागले. मग ती मागच्या दाराशी उभी राहू लागली.

शेवटी साहेबांनी तिला आत बोलावलं, बसवलं आणि खरं ते सांगितलं. "बाई, तुमचं म्हणणं चूक नाही. पण दोरी सुरू केली की ओल्या कोळशाच्या दिवसांत पट्टा तासातासाला उगाच थांबेल. दोरीवरचा चिखल रोज काढला तर नाही थांबणार. पण ते करायला माझ्याकडे माणसं नाहीत."

"एक आहे," आई म्हणाली. "मला परत पाठवा."

तसं ठरलं. फक्त तीन नंबरची दोरी सुरू करायची. ओल्या कोळशाचे दिवस संपेपर्यंत तिनं पट्टा नीट चालू ठेवून दाखवायचा. जमलं नाही तर कॅन्टीन, आणि पुन्हा या विषयावर एक शब्द नाही.

मग आईचा दिवस असा सुरू व्हायला लागला. पाळीच्या आधी जाऊन दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. हातात खरवडणी आणि तेलाचा बोळा. प्रत्येक कडी मोकळी करायची, प्रत्येक स्विचवरचा चिखलाचा लपका काढायचा. मग परतीच्या वाटेवर दुसरी बाजू. मग दोरी ओढून बघायची, आणि पट्टा थांबला की तो पुन्हा सुरू करायला सांगायचं. त्यानंतर स्वतःचं फावड्याचं काम, तेही पट्टा थांबवूनच. संध्याकाळी तिची बोटं मिटायची नाहीत. मी तिची वेणी घालायचे आणि आजी काही न बोलता तिच्या हातांना तेल चोळायची. तोंडानं अबोला, हातानं तेल.

सोबतच्या लोकांना ती नकोशी झाली होती. पट्टा थांबला की खालचे वाघिणीवाले खोळंबायचे, वरचे बंकरवाले ओरडायचे. त्यांनी तिचं नाव ब्रेकबाई ठेवलं. ते नाव वसाहतीत आलं, मग शाळेत आलं. मी घरी येऊन रडले तर आई म्हणाली, "ब्रेक नसलेल्या गाडीत बसशील का तू? मग? चांगलं नाव आहे." मला तेव्हा ते अजिबात पटलं नव्हतं.

आणि मग तो दिवस आला. सकाळपासून कोळसा नुसता गाळासारखा येत होता. दुपारच्या सुमारास तीन नंबरचा पट्टा थांबला. सुरू केला, पुन्हा थांबला. बोगद्यातल्या कुठल्या तरी स्विचवर दोरी अडकली होती, पण कुठल्या, ते कळत नव्हतं. वर बंकरमधली पातळी खाली खाली चालली. कंट्रोल रूममधून फोनवर फोन. साहेब मुख्य कचेरीत बैठकीला गेलेले. वरून फोरमनला हुकूम आला, दोरी बाद करा आणि पट्टा चालवा.

फोरमन वायरचा तुकडा घेऊन स्विचच्या डब्याशी आला. आई तिथे होतीच.

"वहिनी, बाजूला व्हा. गावाची वीज जाईल."

आई बाजूला झाली. "लावा. पण पट्ट्याखाली कोळसा साचलाय, तो काढायला कुणीतरी फावडं घेऊन जाणारच. ते आज मी जाते. तुम्ही वायर लावा, मी खाली शिरते."

हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं. ती खरोखरच फावडं उचलून निघाली होती. फोरमननं नंतर मला सांगितलं, "तुझी आई धमकी देत असती तर मी लावली असती गं वायर."

त्यानं तुकडा खिशात घातला. "तुम्ही डावीकडून चला, मी उजवीकडून."

दोघं खालून वर चालत निघाले, एकेक कडी चाचपत. चिखलात गुडघे टेकत, डोकं वाकवून. वर फोन वाजत राहिला, तो उचलायला कुणी नव्हतं. बोगद्याच्या अगदी वरच्या टोकाजवळ फोरमनला तो स्विच सापडला. मुठीएवढा दगड दोरी आणि आधाराच्या मध्ये पाचरीसारखा बसला होता. हातानं निघेना म्हणून त्यानं तो बुटानं लाथ मारून पाडला. पट्टा सुरू झाला.

पण तोवर उशीर झाला होता. भट्टीसाठी कोळसा दळणारी एक गिरणी उपाशी पडली, युनिटचा भार उतरवावा लागला आणि अर्ध्या गावाची वीज गेली. दवाखान्याची नाही गेली, पण पिठाच्या चक्कीपासून सिनेमापर्यंत बाकी सगळ्यांची गेली. ब्रेकबाईनं गाव अंधारात घातलं, अशी बोंब झाली. किराणावाल्यानं आजीला तोंडावर ऐकवलं. आजी, जी आईशी धड बोलत नव्हती, ती दुकानाच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "तुझे दोन तास गेले रे. माझा मुलगा गेला. वजन कर बघू, तराजू आहे ना तुझ्याकडे?" सामान न घेताच ती घरी आली आणि आईला म्हणाली, "सूनबाई, उद्या काय ते सरळ सांग. घाबरू नकोस." अबोला संपला.

दुसऱ्या दिवशी चौकशीत आईला विचारलं, हुकूम असताना दोरी बाद का करू दिली नाही? ती उत्तर द्यायला उभी राहिली, तोच फोरमन उठला.

"त्यांनी अडवलं नाही. हुकूम मला होता, मोडलाही मीच. आणि पुन्हा मोडेन." मग तो आईकडे वळून म्हणाला, "मागच्या वेळी पाळला होता."

  साहेबांनी विचारलं, सगळ्या पट्ट्यांवरच्या दोऱ्या साफ ठेवायला किती माणसं लागतील? फोरमननं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "दर पट्ट्याला पाळीमागे एक. पण रोज. आज आहे, उद्या नाही, असं चालणार नाही."

लगेच नाही झालं. साहेबांना वर भांडावं लागलं, आणि ते भांडले, हे त्यांचं मोठेपण. एकेका पट्ट्यावरचा तुकडा निघत गेला. फोरमनची बढती मात्र त्यानंतर कायमची अडकली. आई त्याबद्दल बोलली की तो म्हणायचा, "वहिनी, आता झोप लागते. तुम्ही सोडा."

आई निवृत्त होईपर्यंत तीन नंबरवरच राहिली. त्या सगळ्या वर्षांत कोळशाच्या पट्ट्यांवर एकही माणूस गेला नाही. कोण वाचलं, हे सांगता येत नाही. जे घडलं नाही त्याचा फोटो काढता येत नाही, म्हणून ते त्या जड पुस्तकातही नाही. मी आईला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "नसू दे. माणसं घरी गेली ना जेवायला."

पॉवरहाऊस बंद पडलं तेव्हा कोळसा परवडत नाही, हवा बिघडते, असं म्हणाले. दोन्ही खरं होतं. आईला वाईट वाटलं नाही. आजीच्या शेवटच्या वर्षांतला खोकला तिनं ऐकला होता. मग पाडकामाचा ठेकेदार आला. त्याची माणसं पत्र्याच्या बोगद्यावर उंच चढून गॅसनं लोखंड कापायला लागली. आई भाजी घेऊन तिकडून येत होती. तिनं वर बघितलं. कुणाच्याही कमरेला दोर नव्हता.

ती पिशवीसकट फाटकाशी गेली. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "आजी, तुमचं काय काम इथे?"

"माझं नाही. त्यांचं आहे. त्यांना आधी खाली उतरवा, बांधा, मग चढवा."

"बघू उद्या."

"चालेल. उद्या मी लवकर येते."

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊनच गेली. तिसऱ्या दिवशी फोरमनकाका काठी टेकत तिच्या शेजारी जाऊन बसले. मुकादमानं दोघांना हाकललं, मग चहा विचारला, मग पुन्हा हाकललं. आठवडा संपता संपता एक गाडी आली आणि तीतून कमरेचे पट्टे आणि दोर उतरले. आई खूश होऊन घरी आली, हात धुतले, जेवायला बसली.

"मिळाले का सगळ्यांना?" मी विचारलं.

तिचा घास हातातच राहिला. "गॅसवाल्यांना मिळाले. त्यांच्या खाली मचाणावर उभं राहून पत्रे धरणाऱ्यांना नाही मिळाले वाटतं."

तिनं ताटावर झाकण ठेवलं आणि चपला शोधू लागली.