किन्हीराजाची राहिलेली ओळ

"बस ना रविकांत, उभा काहून?" शेजारच्या रुपाबाईनं सतरंजीचा कोपरा त्याच्याकडे सरकवला.

रविकांत बसला. शेलूबाजारचा हा नेटवाला विनाकाम कुणाच्या दारी बसणाऱ्यातला नव्हता. कनेक्शन बंद पडलं की "मागूनच लाइन खराब हाय" हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार असायचं. माणूस वाईट नव्हता. फक्त स्वतःच्या बाजूला कधी उणं मांडत नव्हता.

समोर देवमन बसला होता, डोकं भादरलेला. पाच दिवसांपूर्वी त्याची माय गोमतीबाई किन्हीराजाबाहेरच्या याच घरात खाटेजवळ पडली, कमरेचं हाड मोडलं. एक रात्र आणि एक अख्खा दिवस ती तशीच पडून होती. रुपाबाई शेतातलं सोयाबीन सोंगून परतताना डोकावली, तोवर उशीर झाला होता.

"मायवर ध्यान राहावं म्हनून तं कॅमेरा लावला," देवमन म्हणाला. "पुन्याले कामावरून मोबाइलात पाहत जाओ. दिवाळीले येनं होत नाई म्हनलं, तं माय रुसली."

"रुसली का कॅमेऱ्यासमोर जाये," रुपाबाई म्हणाली. "‘देवमन, आता पाह्य मले,’ म्हने, अन् खटकन बटन बंद."

देवमन हसला, मग त्याचा चेहरा मिटला. "मंगळवारी कॅमेरा बंद दिसला. फोन लावला, उचलला नाई. म्या म्हनलं, राहू द्या, उद्या राग उतरन."

रविकांतनं सतरंजीचा एक दोरा ओढला.

"बटन चालूच होतं, देवमन. चूक माही हाय."

"कायची?"

"घरातलं हर यंत्र, मोबाइल असो का कॅमेरा, नेटवर येन्याआधी ओरडून पत्ता मांगते. आधी तो पत्ता गावातलाच राउटर देत होता. सोमवारी आमी ते काम वाशीमच्या एका मशीनवर नेलं. पन हे ओरडनं राउटरच्या उंबऱ्यापलीकडं जात नाई. कोनी पत्ता मांगतला तं वाशीमले कळव, अशी एक ओळ हर गावच्या राउटरमंदी लिहा लागते. पाच गावं होती. म्या चारमंदीच लिहिली, किन्हीराजाची राह्यली."

"सोमवारी तं माय दिसली मले. भाकर थापत होती."

"जुना पत्ता एक दिवस चालते. म्हनूनच मले सारं बरोबर दिसलं अन् मी निंगून गेलो. मंगळवारी मुदत सरली. कॅमेरा मांगत राह्यला, आयकाले कोनी नव्हतं. गावातले बाकीचे मोबाइलच्या नेटवर गेले, तक्रारबी आली नाई."

दोन थोबाडीत, चार शिव्या, वाशीमला तक्रार, गेली तर नोकरी: येताना रस्त्यानं रविकांतनं सगळं गृहीत धरलं होतं. तो गाल पुढं करून बसल्यासारखा बसला.

"म्हंजे बटन मायनं बंद केलंच नाई?" देवमननं विचारलं.

"नाई. काल दारातूनच पाहून गेलो म्या. कॅमेऱ्याचा दिवा लागूनच होता."

"मंग माय रुसली नव्हती."

हे कुठल्याही मशीनमध्ये नोंदलेलं नव्हतं. रविकांतनं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"मंग फोन वाजत होता तवा माय…"

रुपाबाईनं पदर तोंडाला लावला. दारातून कुणाची तरी कोंबडी आत आली, तिला हाकलायलाही कुणी उठलं नाही.

तेवढ्यात वाशीमहून देवमनचे मामा शेषराव आले. देवमन तांब्या घेऊन त्यांच्यापुढं गेला.

"मामा, माय रुसली नव्हती," तो म्हणाला. "नेट बंद होतं."

"बंद होतं? कोनामुळं रे?"

रविकांत उठून उभा राहिला. देवमननं त्याच्याकडे पाहिलं, मग मामांच्या पायांवर पाणी ओतलं. तांब्या रिकामा होईपर्यंत तो ओततच राहिला.