प्रतिसादक क्रमांक सात

बोलणं हा माझा धंदा नाही, ऐकणं आहे. तरी एका विद्यापीठातल्या विभागाच्या मालकीचा, आवाज टिपणारा मी रेकॉर्डर आज तोंड उघडतोय, कारण ज्यांनी बोलायला हवं होतं त्यांनी मिठाची गुळणी धरली आहे.

माझ्या जन्माचं कौतुक नाही. कारखान्यातल्या पट्ट्यावर जुळलो. चार बटणं, एक लाल दिवा, तळहाताएवढा जीव. खोक्यातून निघालो तो थेट या विभागाच्या लोखंडी कपाटात. इथे संस्थांचा अभ्यास शिकवतात. कचेरी, कारखाना, दवाखाना आतून कसा चालतो हे आकडे मांडून नव्हे, तर तिथल्या माणसांत बसून, त्यांच्याशी बोलून समजून घ्यायचं. विद्या चांगली आहे. तक्रार विद्येबद्दल नाही.

पहिली तीन वर्षं मी फक्त प्राध्यापकांच्या बैठका टिपल्या. एकाने दुसऱ्याला म्हणायचं, ‘आपलं म्हणणं अगदी रास्त आहे,’ आणि दुसऱ्याने तेच परत करायचं. नंतर ते कुणी ऐकलं नाही. मीही नसतं ऐकलं, पण माझा डोळा लागत नाही.

मग एका मुलीने वहीत सही करून मला नेलं. एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखात्यावर तिला प्रबंध लिहायचा होता. पहिल्या दिवशी तिने गाडा ओढणाऱ्या माणसाला विचारलं, तुम्हाला या कामातून समाधान मिळतं का. तो म्हणाला, हो. मग पुढचा प्रश्न. अकरा मिनिटांच्या त्या मुलाखतीत नऊ मिनिटं तिचाच आवाज. तिला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी ती वर्गात सगळ्यांसमोर वाजवली आणि म्हणाले, “तू मुलाखत घेत नव्हतीस, देत होतीस.” पोरं हसली. ती मान खाली घालून बसली. पण सरांचं बरोबर होतं, आणि एवढं श्रेय मी त्यांना देतो.

पुढे ती शिकली. समाधानबिमाधान सोडून ती विचारायला लागली, काल सकाळी आल्यापासून काय काय केलंत ते सांगा. समोरचा थांबला की ती मनात सात अंक मोजायची, मधे तोंड घालायची नाही. शांततेला माणसं घाबरतात. ती भरून काढायला जे बोलतात तेच खरं असतं. टिपलेलं सगळं ती शब्दन्‌शब्द उतरवून काढायची, खोकल्यासकट. एक तास ऐकायला सहा तास टंकत बसायची. संध्याकाळी बोटं आखडायची.

सातवी मुलाखत मावशींची. त्या खात्यातल्या जुन्या. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी एकच सांगितलं, माझं नाव नको घालूस. नाव कुठेच येणार नाही, मुलगी म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणाली.

चाळीस मिनिटं मावशी साबणाबद्दल बोलल्या. मग थांबल्या. मुलीने मोजायला सुरुवात केली. पाचावर मावशी म्हणाल्या, “चादरी वेळेत निघत नाहीत म्हणून साहेब ओरडतात. दुसऱ्यांदा धुवायला वेळ देत नाहीत. म्हणतात, डाग आतल्या बाजूला घ्या आणि घडी घाला. पेशंट काय उलटून बघतोय?”

साहेब म्हणजे खात्याचे अधीक्षक. हे त्यांनी कधी कागदावर लिहिलं नव्हतं. अशी माणसं लिहीत नसतात.

सर खूश झाले. हे सोनं आहे, म्हणाले. मात्र बोलणारी बाई वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी कर, नुसतं वाक्य टाकू नकोस. मुलीने तसंच केलं. ‘प्रतिसादक क्रमांक सात’ असं लिहिलं आणि खाली मावशी उभ्या केल्या. किती वर्षं नोकरी, कोणतं यंत्र, घडी घालण्याची त्यांची एक खास लकब. ती लकब मी इथे सांगणार नाही. एकदा सांगून झाली, तेवढी पुरे. त्या खात्यात ती एकट्या त्यांचीच होती.

सरांनी कच्चा मसुदा परस्पर अधीक्षकांकडे पाठवला. शिष्टाचार म्हणून. पुढच्या वर्षी आणखी विद्यार्थी तिथे पाठवायचे होते ना. मुलीला विचारलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी मावशींची बदली झाली. रक्ताने, घाणीने माखलेल्या चादरी हाताने निवडण्याच्या खोलीत. शिवाय चौकशी लागली, अधिकाऱ्याची खोटी बदनामी केल्याबद्दल. मुलगी धावत फाटकाशी गेली. मी तिच्या पिशवीत होतो. नाव नाही घातलं मावशी, शपथेवर सांगते, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

“नाव नाही घातलंस, खरंय,” मावशी म्हणाल्या. “बाकी अख्खी मला घातलीस.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या आत गेल्या.

चौकशीत अधीक्षकांना पुरावा हवा होता. कागदावर ‘सात’ होतं. आवाज माझ्या पोटात होता. तो मिळाला की मावशींची नोकरी संपली. सरांनी मुलीला खोलीत बोलावलं आणि मला टेबलावर ठेवायला सांगितलं.

संस्थांशी संबंध जपावे लागतात, ते म्हणाले. तू अजून लहान आहेस. मुलगी म्हणाली, मी चूक केली, ती माझी आहे. पण मसुदा तुम्ही पाठवलात. सरांनी चष्मा पुसला. या वयाची माणसं अडचणीत आली की चष्मा पुसतात.

तिने मला उचललं आणि पुसायचं बटण दाबून धरलं.

“मूळ ध्वनिमुद्रण नसेल तर प्रबंध मान्य होणार नाही,” सर म्हणाले. “दोन वर्षं पाण्यात जातील तुझी.”

“जाऊ देत.”

माझ्या पोटातून एकेक आवाज गेला. साबण गेला, खोकला गेला, ती पाच अंकांची शांतता गेली. उतरवलेले कागद तिने आधीच फाडले होते.

चौकशी पुराव्याअभावी बंद पडली. मावशींची नोकरी राहिली, बदलीही राहिली. त्या अजून त्याच खोलीत झिजतायत. मुलीने विभाग सोडला. मावशी तिच्याशी बोलत नाहीत, आणि मला ते चूक वाटत नाही. सर दर वर्षी नव्या वर्गाला सांगतात, प्रतिसादकाची ओळख गुप्त ठेवणं हा आपला धर्म आहे. समोरची मुलं लिहून घेतात.

येत्या सोमवारी मी बसच्या आगारात जाणार आहे, कुणाच्या तरी नव्याकोऱ्या पिशवीतून. ज्यांच्यासमोर मला ठेवतील त्यांना माझी एकच विनंती आहे. नाव गुप्त राहील का, हे विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. माझा दिवा लागण्याआधी विचारा, हे वाचणार कोण? आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. सातापर्यंत नाही, हवं तर शंभरापर्यंत.