सावळीरामाची चतुरा

चतुराबाईने आयुष्यात कुणाची काडीसुद्धा चोरली नव्हती. शेजारणीच्या दारचा कढीपत्ता ती विचारून तोडायची. त्यामुळे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तिच्या नावाने चोरीची नोटीस आली, तेव्हा आधी तिला हसूच आलं. मग सायलीने, तिच्या सुनेने, नोटीस शेवटपर्यंत वाचून दाखवली आणि ते हसू जागच्या जागी विरलं.

चोरी कशाची, तर गाण्याची. आणि गाणं कुणाचं, तर तिचं स्वतःचं!

चतुराबाई मूळची चांदवडकडची. लग्न होऊन नाशकात मखमलाबाद नाक्याला आली, ती माहेरची सगळी हळदीची गाणी गळ्यात घेऊनच आली. शिवाय स्वतः रचायचीही. तिच्या माहेरी एक रीत होती. ज्या बाईने गाणं रचलं, तिने त्यात नवऱ्याचं आणि आपलं नाव गुंफायचं. एरवी नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची चोरी, पण इथे ते मोकळ्या गळ्याने, चारचौघांत घ्यायचं. चतुराबाईने घेतलं ते असं:

सावळीरामाच्या गं अंगणी हळद वाळती,
चतुरा बसली जात्यापाशी, सोनं दळती.

सावळीराम जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तिने हळदीच्या वाटीला बोट लावलं नाही, विधवेने लावू नये म्हणतात. गळ्याला मात्र कुणी बंदी घातली नव्हती. मांडवाच्या कडेला बसून ती गायची. नवऱ्याचं नाव घ्यायला तिला आता तेवढीच जागा उरली होती.

पाच वर्षांपूर्वी पुतणीच्या हळदीत वाल्मीक नावाच्या डीजेवाल्याने तिच्यापुढे माइक धरला. "मावशी, काय गोड गाता हो! आठवण म्हणून घेऊन ठेवतो." तिने कौतुकाने त्याला चहासुद्धा पाजला. पठ्ठ्याने ते गाणं नेलं, त्याखाली ढोल आणि कसलं कसलं धडधड कोंबलं, आवाज तिचाच ठेवला आणि 'गीत-संगीत : वाल्मीक' असं लिहून रीतसर नोंदवून टाकलं. आता नाशिक जिल्ह्यात त्या गाण्याशिवाय हळद लागत नव्हती. पोरं ढोसून यायची आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावावर कमरा हलवायची. चतुराबाईच्या अंगाची लाही लाही व्हायची, पण सांगणार कुणाला?

मग सायलीने एक दिवस घरातच सासूला जात्यापुढे बसवलं, तेच गाणं मोबाइलवर घेतलं आणि नवऱ्याच्या, योगेशच्या नंबरवर चॅनल काढून त्यावर टाकलं. नऊ दिवसांत चॅनल बंद पडलं. कारण दिलं होतं, कॉपीराइटचा भंग. पाठोपाठ वाल्मीकच्या वकिलाची नोटीस आली. पायरसी केलीत, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पंधरा दिवसांत सोबतच्या माफीनाम्यावर सही करा, नाहीतर पोलिसांत गुन्हा नोंदवू. माफीनामा त्यांनीच टाइप करून पाठवला होता: 'वाल्मीक यांच्या मालकीचे गाणे मी चोरून प्रसारित केले, हे कबूल करते.'

योगेश अंबडच्या कंपनीत कंत्राटावर होता. त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. तो ओळखीच्या वकिलाकडे जाऊन आला आणि तोंड पाडून म्हणाला, "नोंदणी त्याच्या नावावर आहे, आई. तुझं गाणं हे कोर्टात सिद्ध करायला हयात जाईल. सही करून टाक. कंपनीत पोलीस आले तर मला गेटच्या आतसुद्धा घेणार नाहीत."

"सही केली म्हंजी मी चोर झाले की रे."

"कागदावरच गं."

"आन तो मालक बी कागदावरच हाय ना? कागदाच्या भायेर कोन बघतंय मग?"

पंधरातले अकरा दिवस ती कागद उशाखाली घेऊन झोपली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची. बाराव्या दिवशी सकाळी तिचं बोट नोटिशीच्या पहिल्याच ओळीवर अडलं. मग तिने सायलीला हाक मारली.

"त्या मेल्यानं गान्याखाली बोल लिहिलेत का गं? वाच बरं."

सायलीने मोबाइल उघडला. खाली लिहिलं होतं: 'सावळ्या रामाच्या गं अंगणी'. चतुराची झाली होती 'चतुर नार'. वर वाल्मीकची एक मुलाखतही होती. त्यात तो छाती पुढे काढून सांगत होता, की गोदाघाटावर उभा असताना प्रभूंनीच मला ही ओळ दिली.

चतुराबाई हसली. त्या हसण्याने सायलीला धास्तीच वाटली. सासूने मग स्वतः वाल्मीकला फोन लावायला सांगितला आणि आवाजात नुसतं लोणी ओतलं.

"दादा, चुकलं आमचं. पन तुमच्या लेकीची हळद हाय म्हनं येत्या रविवारी. मी तिथंच येते, चार मान्सांत माफी मागते, सही बी तिथंच करते. तुमचं बी नाव व्हईल."

वाल्मीकला काय, हेच हवं होतं. तो म्हणाला, या मावशी, आपण चॅनलवर थेट दाखवू.

रविवारी संध्याकाळी गंगापूर रोडच्या लॉनवर माणसं मावत नव्हती. नवरी पाटावर बसली होती. समोर सोफ्यावर व्याही पुंजाजी बसले होते. लासलगावचे कांदा व्यापारी, लिलावात बोलून बोलून आवाज असा, की माइकची गरज नाही. कॅमेरा सुरू झाला आणि वाल्मीकने चतुराबाईच्या खांद्यावर हात टाकला.

"मंडळी, या मावशींनी अजाणतेपणी माझं गाणं चोरलं. कायदा फार कडक आहे. पण आजच्या शुभदिनी मी त्यांना माफ करायचं ठरवलंय!"

टाळ्या पडल्या. मागे उभ्या योगेशने मान खाली घातली. चतुराबाईने माइक हातात घेतला.

"मागते ना माफी. पन दादा, आधी एक सांगा मला अडानीला. गानं तुमी रचलंत. त्यातला सावळीराम कोन?"

वाल्मीक खदखदून हसला. "अहो मावशी, नाशकात राहून हे विचारता? आपला रामराया! सावळा राम! घाटावर उभा होतो, साक्षात दर्शन झालं बघा."

पुन्हा टाळ्या. कुणीतरी जय श्रीरामही म्हणालं.

"आन चतुरा कोन?"

आता त्याची जीभ जरा अडखळली. "चतुरा म्हणजे... सीतामाई. हुशारच होत्या की त्या."

चतुराबाईने पिशवीतून नोटीस काढली आणि सरळ पुंजाजींच्या हातात दिली. "तुमी व्याही, मोठी मानसं. माझं नाव काय लिहिलंय तेवढं वाचा. मी नाय लिहिलं, ह्यांच्याच वकिलानं लिहिलंय."

पुंजाजींनी चष्मा चढवला आणि लिलावाच्या आवाजात वाचलं, "श्रीमती चतुराबाई सावळीराम गांगुर्डे..." आणि ते थांबले. त्यांनी वाल्मीककडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चतुरा मी," ती म्हणाली. "आन सावळीराम माझे मालक. घाटावर नाय दिसायचे ते, दादा. पेठ रोडला पंक्चर काढायचे."

आधी एक बाई हसली, मग सगळं लॉन. वाल्मीक ओरडला, "कॅमेरा बंद करा!" पण कॅमेरावाला स्वतःच पोट धरून हसत होता. ते हसू चतुराबाई घोट घोट प्यायली. पाच वर्षं तिचं नाव परक्यांच्या पायदळी गेलं होतं. आज वाल्मीकचं जात होतं, आणि तिला त्याची तसूभर दया येत नव्हती.

सायलीने पुढे होऊन दुसरा कागद ठेवला. तोच माफीनामा, तीच भाषा, फक्त नावं उलटी. शेवटी एक ओळ जास्त होती, की नोटीस मागे घेतो आणि नोंदणी सोडतो.

पुंजाजी हसले नव्हते. "वाल्मीकराव, सही करा. चोराघरी सोयरीक केली असं उद्या बाजार समितीत लोक म्हणतील मला. कबूल करून मोकळे व्हा, नाहीतर आम्ही निघतो."

वाल्मीकने सही केली. हाताला हळद होती, तिचे डाग कागदावर उमटले. चतुराबाईने कागद वाचला, बोट ठेवून, अक्षर अक्षर, अजिबात घाई न करता. मग घडी घालून पिशवीत टाकला.

ती निघाली तेव्हा नवरीने हाक मारली. डीजे बंद पडला होता, बायका वाट्या घेऊन ताटकळल्या होत्या. पोरीचे डोळे भरले होते.

"मावशी, तुम्हीच म्हणा ना ते गाणं. गाण्याशिवाय हळद कशी लावायची?"

चतुराबाई थांबली. ओळ गळ्यापर्यंत आली होती.

"तू विचारलंस पोरी. तुझ्या बापानं कधी विचारलं नाय," ती म्हणाली. "पन मी नाय म्हननार."

त्या तिघांनी फाटक ओलांडलं तरी मागून गाणं ऐकू आलं नाही. बायका मुक्यानेच हळद लावत होत्या. तिघं रिक्षात बसली. सायलीला राहवलं नाही.

"आई, त्या पोरीचा काय दोष होता हो?"

"काहीच नाय," चतुराबाई म्हणाली. "म्हनूनच तर बापाला लागंल."