दहा वाजता जाणारा पत्ता

शीतखोलीतला बोर्ड रोज सकाळी दहाच्या सुमारास गप्प व्हायचा आणि बारानंतर आपण होऊन बोलायला लागायचा. महिनाभर हेच चाललं होतं.

बोर्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी. एका कडेला तापमान मोजणारी तार, दुसऱ्या कडेला नेटवर्कची वायर. चालू झाला की तो राउटरकडे पत्ता मागतो, राउटर त्याला एक पत्ता देतो, आणि साहेबांच्या खोलीतला संगणक दर मिनिटाला त्या पत्त्यावर विचारतो, किती तापमान? बियाणं तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत असे बोर्ड, नोकरी सांभाळून, वर्षावर्षाच्या करारावर मीच बसवले होते. शीतखोलीत पाच पाच वर्षांचे नमुने ठेवलेले असतात. तिथल्या नोंदीत खंड पडला की नमुन्यांच्या दाखल्यांवर शंका घेतली जाते.

सकाळी दहाला शीतखोलीची फरशी पुसली जाते. पुसतात त्या मावशी इथे अकरा वर्षं आहेत. साहेबांनी वेळा जुळवून पाहिल्या, त्या जुळल्या, आणि मावशींना एक मेमो गेला. मग दुसरा. तिसरा शनिवारी निघणार होता, आणि तिसऱ्यानंतर कामावर ठेवत नाहीत.

आज गुरुवार. मी नोकरीच्या ठिकाणी रजा टाकून आले होते.

"आलात? वायर बदलून झाली, डबी बदलून झाली," साहेब म्हणाले. डबी म्हणजे वीज देणारा अडॅप्टर. "आता भिंत बदलायची का?"

"आज दहाला मी तिथे थांबून बघते."

"बघा. पण मला विचाराल तर त्या बाईंचा फडका लागतो. वायर हलते, आणि दोन तासांनी कोणीतरी सरळ करतं."

दारात बादली ठेवून मावशी उभ्या होत्या. "साहेब, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते कधी कधी."

"एकदा पडली तर कावळ्याचं नशीब, मावशी. रोज दहाला तोच कावळा, तीच फांदी?"

मावशींनी बादली उचलली. साहेब चुकीचं बोलत होते असं मला त्या क्षणी म्हणता आलं नसतं. आकडे त्यांच्या बाजूचे होते.

खरं सांगायचं तर मला थकवा आला होता. या बोर्डासाठी मी आजवर सात वेळा येऊन गेले होते. दर वेळी सकाळी आठला, कारण दहाला मला माझ्या कचेरीत पोचायचं असायचं. आठला सगळं सुरळीत असे. राउटरची यादी उघडली की पाच बोर्ड, पाच पत्ते. सहावा बोर्ड वाळवण खोलीत महिन्याभरापूर्वी बसवला होता, पण ती खोली सकाळी बंद असते आणि तिचं नाव साहेबांच्या पडद्यावर अजून चढायचं होतं. त्यामुळे पाच हा आकडा बरोबरच वाटायचा. राउटर पत्ता ठरावीक मुदतीसाठीच देतो; ती संपत असेल म्हणून मी ती वाढवून ठेवली. तरी दहाला पत्ता गेलाच. घरी नवरा म्हणायचा, "अगं, त्या बोर्डाला एकदा घरीच घेऊन ये, जेवायला वाढू." पहिल्यांदा मी हसले होते.

शीतखोलीत मी स्वेटर घालून स्टुलावर बसले, लॅपटॉप मांडीवर. दहाला पाच मिनिटं असताना मावशी आल्या. डावा हात पाठीमागे कमरेशी घट्ट धरलेला, उजव्या हातात दांड्याचा फडका. अशाच त्या एका हाताने पुसू लागल्या.

"हात दुखतोय का मावशी?"

"नाही हो ताई. एक हात मागे असला की कोणी म्हणायला नको, हिने ओढलं म्हणून. दुसरा दांड्यावर. तिसरा देवाने दिला नाही."

त्या बोर्डापासून चांगल्या दोन हात लांबून पुसत होत्या. त्यामुळे कोपऱ्यात धुळीची एक पट्टी राहिली होती.

दहा वाजून दोन मिनिटांनी माझ्या पडद्यावरचा आकडा थांबला. मावशी तेव्हा दाराशी होत्या. बोर्डाचे दोन्ही दिवे लागलेले होते.

मी त्या पत्त्यावर साधी हाक पाठवली. ही हाक म्हणजे फक्त, आहेस का? उत्तर आलं, आहे. परत विचारलं. आहे. मग तापमान का देत नाही? मी उठले आणि बोर्डाची वायर काढली. दिवे विझले. पडद्यावर उत्तरं येतच राहिली. आहे, आहे, आहे.

वायर माझ्या हातात होती.

मावशी फडका धरून माझ्याकडे बघत होत्या. "काय झालं?"

"मावशी, इथे यायच्या आधी तुम्ही काय केलंत? अगदी सगळं सांगा."

"काय करणार? बादली भरली. वाळवण खोलीचं बटण दाबलं. नमुने लावणारी पोरगी म्हणते, जाता जाता तेवढं दाबत जा, खोली तापायला वेळ लागतो. महिना झाला, रोज दाबते. बाराला ती बंद करते."

मी राउटरची यादी उघडली. आता वाळवण खोली चालू होती, म्हणजे सहा नोंदी हव्या होत्या. पाचच होत्या.

महागड्या बोर्डांना कारखान्यातूनच स्वतःचा एक क्रमांक मिळतो. तो बघून राउटर पत्ता देतो. आमच्या स्वस्त बोर्डांना असा क्रमांक नसतो; प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो स्वतः घालायचा, प्रत्येक बोर्डाला वेगळा. मी सहाव्या बोर्डाचा प्रोग्रॅम उघडला. अकराव्या ओळीत शीतखोलीचा क्रमांक होता. मी शीतखोलीचा प्रोग्रॅम उचलून तिथे चिकटवला होता, खोलीचं नाव बदललं होतं, आणि क्रमांकाचा शेवटचा आकडा बदलायचा राहिला होता. राउटरच्या लेखी दोघं एकच. दोघांना एकच पत्ता. साहेबांचा संगणक शीतखोलीला विचारायचा, उत्तर वाळवण खोली द्यायची, आणि खोलीचं नाव जुळत नाही म्हणून संगणक ते टाकून द्यायचा.

शीतखोलीची वायर मी परत लावली. आकडा बदलायला चार सेकंद लागले. वाळवण खोलीत जाऊन प्रोग्रॅम पुन्हा भरायला दहा मिनिटं. परत आले तेव्हा यादीत सहा नोंदी होत्या आणि शीतखोली चार अंश सांगत होती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"बरं झालं. अहवालात तांत्रिक बिघाड लिहा. विषय संपला."

"आणि मेमो?"

"तिसरा काढत नाही आता."

"पहिले दोन?"

"ते फाईलमध्ये राहतील. फाईल कोण उघडतंय?"

"तिसऱ्याच्या वेळी तुम्हीच उघडली असती."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, तुमचं पुढच्या वर्षीचं काम मी ठरवत नाही, वर ठरतं. चूक तुमची असं लेखी दिलंत तर वरचे काय म्हणतील, माहीत आहे ना? उगाच आपल्या पायावर धोंडा."

माहीत होतं. हे काम गेलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. सहावा बोर्ड भरला त्या दिवशी मुलीला ताप होता आणि घरून तीनदा फोन आला होता, हेही माहीत होतं. पण तो अहवालाचा भाग नव्हता.

मी त्यांच्याच टेबलावर लिहिलं. कारण: सहाव्या बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये मी शीतखोलीच्या बोर्डाचा क्रमांक तसाच ठेवला. वाळवण खोली चालू झाली की शीतखोलीची नोंद त्यामुळे थांबत होती. साफसफाईचा याच्याशी काहीही संबंध नाही. दोन्ही मेमो मागे घ्यावेत.

साहेबांनी दोनदा वाचलं. "काहीही हा शब्द हवाच का?"

"हवा."

मावशी मागच्या नळावर फडका पिळत होत्या. मी त्यांना झालेलं सांगितलं, क्रमांक, पत्ता, सगळं. त्या पिळत राहिल्या.

"म्हणजे तुमचं चुकलं."

"हो."

"बटण मी दाबत होते म्हणून बंद पडत होतं, तेही खरंच."

"बटण दाबायला तुम्हाला सांगितलं होतं. ते दाबल्यावर दुसरं बंद पडायला नको होतं. ते माझं काम."

त्यांनी फडका दांडीवर वाळत टाकला, हात पुसले, आणि एक पुढे केला. मी कागद दिला. त्या ओठ हलवत सावकाश वाचत गेल्या. शेवटच्या ओळीशी पोचून पुन्हा वर गेल्या.

"याची झेरॉक्स द्या मला. सुनेला दाखवायची आहे. तोंडाने म्हणत नव्हती, पण तिलाही वाटत होतं, सासूचाच काहीतरी धक्का लागतो."

मी झेरॉक्स काढून आणली. मावशींनी ती उलटसुलट करून पाहिली.

"यावर सही उमटलीय, पण ती छापील झाली. पेनाने करा."

मी पेनाने केली.

"तारीख."

मी तारीख घातली. त्यांनी कागदाची चौघडी केली, ब्लाउजमध्ये ठेवली आणि बादली उचलली.

"माझा कोपरा राहिलाय पुसायचा," म्हणाल्या, आणि शीतखोलीकडे गेल्या.