पाठीवरची बायको

सुई खाली घसरली की अख्खा हॉल एका दमात ओरडायचा, "हलकं झालं!" ओरडताना सगळे खुर्चीतून अर्धे उठायचे आणि सगळ्यांच्याच कमरा दुखत असल्यामुळे बसताना तितक्याच दमात म्हणायचे, "आई गं!"

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल होता तो. खाली सोफे, वर हलकेबाबा. स्टेजवर मधोमध गोदामात असतो तसला उभा वजनकाटा, त्याची परातीएवढी तबकडी लोकांकडे तोंड करून. वर छताच्या हुकाला जाड पांढरा दोर. पेशंटनेही लोकांकडेच तोंड करून उभं राहायचं, म्हणजे त्याचं वजन त्याला सोडून सगळ्यांना दिसायचं.

आधी हात जोडून वजन व्हायचं. मग बाबा पाठीवरून तळवा फिरवायचे आणि विचारायचे, "घरातलं कोण गेलं?"

"सासूबाई," एक बाई म्हणाली.

"बसल्यात! मणक्यावर मांडी घालून बसल्यात. माणूस मेला की कुठे जातो? कुठेही जात नाही. जिवंतपणी खांद्यावर हात ठेवायचा, आता अख्खा पाठीवर बसतो. डॉक्टर त्याला गादी सरकली म्हणतात. अरे, सरकणारच! वर बसलंय कोण ते बघा!"

एक गृहस्थ खाली मान घालून म्हणाले, "आमच्याकडे कुणी गेलेलंच नाही हो."

"मग शेजारी असेल. शेजारीसुद्धा बसतात."

"शेजारी माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसलाय. त्याचीही कंबर दुखते."

"मग त्याच्या आधीचा शेजारी!" बाबा अडत नसत.

यानंतर दोर. "दोन्ही हात वर. दोर घट्ट धरा. डोळे मिटा. सगळा भार त्याच्यावर टाका आणि गेलेल्याला म्हणा, ऊठ आता." आणि खरोखर सुई खाली यायची. कुणाची तीन किलो, कुणाची सहा. त्या बाईंची सुई तर इतकी खाली आली की मागून कुणीतरी म्हणालं, "सासूच होती, शंका नाही." काट्यावरचा माणूसही म्हणायचा, "अहो, खरंच बरं वाटतंय!" दाराशी पेटी होती, ती रोज भरायची.

या सगळ्यात मी कुठे? पहिल्या रांगेत. ओरडणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा.

मी भंगाराच्या गोदामाबाहेर ट्रकच्या वजनकाट्यावर काम करतो. ट्रक प्लेटवर येतो, मी केबिनमधून आकडा बघतो. ड्रायव्हर मला काटेकाका म्हणतात. बायको गेल्यापासून माझी कंबर धरली होती. आधी कंबर, मग डाव्या पायात मुंग्या, मग चालताना त्या पायातली चप्पल निसटायची आणि मला कळायचंसुद्धा नाही. लोक मागून हाका मारायचे, "काका, चप्पल!"

हाडांच्या सर्जन बाईंनी फोटो काढून दाखवला. एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकला होता आणि पायाकडे जाणारी नस त्याच्याखाली चेंगरली होती. मग त्यांनी माझ्या डाव्या पायाचा अंगठा दाबून धरला आणि म्हणाल्या, "वर उचला." मी सगळा जोर लावला. अंगठा पडून राहिला, सुट्टीच्या दिवशी लोळत पडल्यासारखा.

"हा अंगठा मला आवडला नाही," त्या म्हणाल्या. "व्यायाम, गोळ्या, इंजेक्शन सगळं करून झालंय तुमचं. आता नस मोकळी करायची, स्क्रू आणि दांडी घालून दोन मणके एकमेकांना धरून ठेवायचे आणि मध्ये हाड भरायचं. हाड भरून आलं की दोघांचा एकच होतो. कंबरदुखी पूर्ण जाईल असं मी सांगत नाही. पायातली ताकद कितपत परत येईल, तेही आत्ता सांगता येणार नाही. पण उशीर केला तर जेवढी परत येईल, तेवढीही येणार नाही."

मी दवाखान्यातून निघालो तो थेट हलकेबाबांकडे गेलो. माझ्या पाठीवरून तळवा फिरवत बाबा म्हणाले, "बायको."

सांगून टाकतो, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. आनंद झाला. एवढे दिवस घरात कुणी नाही म्हणून रेडिओ चालू ठेवून झोपत होतो आणि ही तर माझ्यासोबतच होती!

सुई चार किलो उतरली. मी हिशेबाचा माणूस. "बाबा," मी म्हटलं, "ती चांगली भरलेली होती. चार किलो म्हणजे तिचा नुसता एक पाय झाला."

"बाकीची मुक्त झाली," बाबा म्हणाले. "पाय तेवढा अडकलाय."

तरी मी सहज फसणारा नव्हतो. दुसऱ्या दिवशी गोदामातलं सरकारी शिक्क्याचं वीस किलोचं वजन पिशवीत घालून घेऊन गेलो. मला वजन उचलायची बंदी होती, म्हणून पिशवी एका ड्रायव्हरला धरायला लावली. काट्यावर वजन ठेवलं. सुई बरोबर वीसवर. मी उभा राहून जाहीर केलं, "काटा चोख आहे! माझा शब्द." बाबांनी मला मिठी मारली. तेव्हापासून रोज माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हे काट्यावरचे साहेब. यांचं आयुष्य वजनात गेलं. विचारा यांना!" आणि मी मान डोलवायचो. माझ्या त्या मान डोलवण्यावर विसंबून किती माणसं त्या हॉलमध्ये आली असतील!

घरी मी खुर्चीत पुढे सरकून बसू लागलो, मागे तिला जागा राहावी म्हणून. कळ आली की म्हणायचो, "हळू गं." डॉक्टरांचा फोन आला की उचलत नव्हतो. तिच्या पायात स्क्रू ठोकायचे की काय?

माझी मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, शाळेत व्यायाम शिकवते. अंगाने दणकट, आवाज त्याहून दणकट. एकदा ती आली आणि मी चहा आणताना तिने माझा पाय बघितला. तो आता फरशीवर फटफट आपटत होता.

"भाऊजी, ऑपरेशनची तारीख कधी?"

"नाही करायचं."

"का?"

मी सगळं सांगितलं. हॉल, काटा, चार किलो. मला वाटलं, खेकसेल. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "चला. मला पण भेटायचंय ताईला."

हॉल भरलेला होता. मेहुणी सरळ स्टेजवर चढली.

"घरातलं कोण गेलं?" बाबा म्हणाले.

"बहीण. पण ती आधीच यांच्या पाठीवर बसलीय म्हणता. दोघांवर कशी बसेल?"

"सोमवार ते बुधवार त्यांच्यावर, उरलेले दिवस तुमच्यावर," बाबा म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

हात जोडून तिचं वजन झालं. सुई पुष्कळ पुढे गेली, मागून कुणीतरी शिट्टी मारली. तिने त्याच्याकडे शाळेतल्या नजरेने बघितलं, शिट्टी बंद. मग दोर. तिने हात वर केले, दोराला बोटं लावली, डोळे मिटले. सुई ढिम्म.

"घट्ट धरा, बाई."

तिने मूठ आवळली. सुई ढिम्म.

"नुसतं धरून काय होतं? जोर द्या खाली. भार टाका दोरावर."

मेहुणीने डोळे उघडले. "म्हणजे लटकू?"

"लटकू नका हो. भार टाका."

"माझ्या वर्गातल्या पोरी दोरावर चढतात, बाबा. भार टाकणं आणि लटकणं यात काय फरक असतो, मला माहीत नाही. लोकहो, तबकडीकडे बघा. भाऊजी, तुम्ही तबकडीकडे बघू नका. माझ्या हातांकडे बघा."

मी तिच्या हातांकडे बघितलं. तिने दोर किंचित खाली ओढला. हॉल म्हणाला, "हलकं..." तिने सोडला. हॉल गप्प. पुन्हा ओढला, "हलकं..." पुन्हा सोडला.

"ताई गेली," ती मोठ्याने म्हणाली. "ताई आली. ताई गेली. ताई आली." सुई खालीवर नाचत होती. मग तिने दोन्ही हातांनी दोर गच्च धरला, गुडघे मुडपले आणि पाय काट्यावरून उचलले. सुई शून्यावर.

"बघा!" ती वरून ओरडली. "आता मीच मुक्त झाले!"

हुक कुरकुरला, छताचा चुना बाबांच्या डोक्यावर पडला आणि हॉल हसायला लागला. कंबरदुखीवाले हसतात तेव्हा कमरेला हात लावून हसतात. शंभर माणसं कमरेला हात लावून, "अगं आई गं, हसवू नका हो!"

"भाऊजी," ती खाली उतरत म्हणाली, "तुमच्या काट्यावर ड्रायव्हरने मागचं चाक प्लेटच्या बाहेर ठेवलं, तर तुम्ही काय म्हणता?"

"चाक आत घे रे!" माझ्या तोंडून आपोआप निघालं आणि तिथेच मला सगळं दिसलं. काटा चोखच होता. मी काटा तपासला होता, वजन तपासलं होतं, पण वजन ठेवलं तेव्हा दोर कुणी धरला होता? लोखंडाला हात नसतात. मी केबिनमध्ये रोज आधी चाकं बघतो आणि मग आकडा. इथे आकडाच बघत बसलो, कारण आकड्यात माझी बायको होती.

"पण मला बरं वाटतं हो, दोर धरला की," सासूवाल्या बाई म्हणाल्या.

"वाटणारच," मेहुणी म्हणाली. "वरच्या अंगाचा भार हातांवर गेला, तेवढा कमरेवरून उतरला. हात सोडले की दुखणं पुन्हा जागेवर. मग पुढच्या वेळी पुन्हा या, पेटीत टाका."

यानंतर कुणी कुणाला आवरेना. सगळ्यांना काट्यावर चढायचं होतं. एक आजोबा दोर ओढून म्हणाले, "मी आता सोळा वर्षांच्या पोराइतका हलका आहे, बघा!" शेजारीवाले गृहस्थ आपल्या शेजाऱ्याला वर बोलवत होते, "ये रे, तुझं भूत उतरवतो." बाबा कुठे गेले विचारलं, तर त्यांचा माणूस म्हणाला, "ध्यानाला बसलेत." खालून फर्निचरवाला ओरडला, "तुमचे ध्यानस्थ आत्ता माझ्या सोफ्यावरून उडी मारून मागच्या दाराने पळाले!"

मीही हसलो. हसत हसत जिन्यात आलो आणि बसलो. मेहुणी मागून आली.

"म्हणजे ती नाहीये," मी म्हटलं.

"नाही, भाऊजी."

"माझ्या पाठीवर नाही."

"ताई आपल्या हातातली पिशवीसुद्धा दुसऱ्याला धरू द्यायची नाही. ती तुमच्या मणक्यावर बसून तुमचा पाय लुळा करेल? एवढंच ओळखलंत तिला?" मग आम्ही दोघं त्या जिन्यात बसून रडलो. बायको गेली त्या दिवशी मी रडलो नव्हतो, लोकांना चहा देत होतो. मी डॉक्टरांना तिथूनच फोन लावला.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच मी सर्जन बाईंना विचारलं, "स्क्रू आणि दांडीचं मिळून वजन किती?" त्या म्हणाल्या, "तुमच्या मोबाईलपेक्षाही कमी. का?" मी म्हटलं, "सहज."

पहिले दिवस वाईट होते. कूस बदलायची तर कंबर न पिळता अख्खं अंग एकदम वळवायचं, लाकडाच्या ओंडक्यासारखं. नर्स सकाळी आली की म्हणायची, "चला ओंडकेराव, वळा." वॉकर धरून उभा राहिलो तेव्हा घाम फुटला. मला वाटलं, फुकट चिरून घेतलं. घरी आल्यावर वाकायची बंदी. जमिनीवर पडलेलं सगळं जमिनीवरच राहायचं. मेहुणीने खालच्या फळीवरची भांडी ओट्यावर मांडली आणि मला लांब दांड्याचा चिमटा आणून दिला. त्याने मी मोजे उचलायचो, पेपर उचलायचो, एकदा तिच्या पर्समधला तिचा चष्मा उचलला. ती शाळेतली शिट्टी घेऊन आली होती. मी जरा वाकलो की घरात शिट्टी. शेजारचे विचारायचे, सामना चालू आहे का?

नंतरच्या तपासणीला सर्जन बाईंनी पुन्हा अंगठा दाबला. "उचला."

अंगठा उठला. सुस्तावलेला, थरथरत, पण त्यांच्या बोटाला ढकलून उठला. मेहुणीने दवाखान्यात शिट्टी मारली. आम्हाला बाहेर काढलं.

आता मी पुन्हा केबिनमध्ये बसतो. पाय आपटत नाही. टाचेपाशी थोडी बधिरता राहिली आहे आणि दिवसभर बसलो की संध्याकाळी कंबर ठणकते. लोक म्हणतात, ऑपरेशन म्हणजे चमत्कारच की! मी म्हणतो, अजिबात नाही. त्या बाईंनी काय कापणार, काय भरणार आणि काय बरं होणार नाही, हे मला आधी सांगितलं होतं. मी हजार प्रश्न विचारले, त्यांनी एकाचाही राग धरला नाही. ज्याला प्रश्न विचारल्यावर राग येतो, किंवा ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला गमतीचं उत्तर तयार असतं, त्याच्या हॉलमधून उठा आणि बाहेर पडा. कंबर सगळ्यांचीच दुखते. प्रत्येक कमरेला ऑपरेशन लागत नाही, हेही मला सर्जन बाईंनीच सांगितलं. पण पाय बधिर झाला, पंजा उचलेना, तर दोर, धागा, अंगारा काहीही करत बसू नका. डॉक्टरकडे जा, लवकर जा.

आणि गेलेल्या माणसाची आठवण येते म्हणून अशा हॉलमध्ये गेलात, तर मी तुम्हाला हसणार नाही. मला माहीत आहे ते. आठवण काढा, रडा, त्यांचा फोटो घेऊन बसा. फक्त आपल्या दुखण्याला त्यांचं नाव देऊ नका. ती माणसं आपल्याला त्रास द्यायला आली नव्हती.