आई, जरा सरक

मी लेन्स बोलतेय. चष्म्यातली नाही, आणि डोळ्यात घालतात ती तर नाहीच नाही. मी कॅमेऱ्याला लावायची, लांबचं जवळ आणून दाखवणारी, हातभर लांबीची आणि चांगलीच वजनदार टेलिलेन्स. मला दिवसभर गळ्यात अडकवणाऱ्याची मान धरते आणि खापर फुटतं उशीवर. तुला काय वाटतं, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून आज न विचारताच सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरे डगले घातलेल्या, तोंड झाकलेल्या माणसांनी माझी भिंगं घासून घासून घडवली. धुळीचा एक कण दिसला की काम पुन्हा पहिल्यापासून. इतक्या निगुतीने केलेली वस्तू पुढे कुणाच्या हाती पडणार, याचा विचार त्या बिचाऱ्यांनी केला नसावा. जन्मापासून माझ्यात एक खोड आहे. मला जवळचं दिसत नाही. चार-पाच पावलांच्या आत कुणी आलं की माझ्यापुढे नुसतं धुकं. हे माझ्या खोक्यातल्या कागदावर ठळक छापलंय. तो कागद कुणी वाचत नाही.

माझा पहिला मालक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर होता. मैदानाच्या कडेला गुडघे टेकून बसायचा. तोंडाचा फटकळ, पण कामाला पक्का. खेळ थांबेपर्यंत त्याचा डोळा कॅमेऱ्यावरून हलायचा नाही. त्याच्या हातात मी सुखात होते. पुढे त्याचे गुडघे गेले आणि मी जुन्या मालाच्या दुकानात फळीवर जाऊन बसले.

तिथून मला डॉक्टरांनी उचललं. हे दातांचे डॉक्टर. मला लहान मुलाच्या दुलईत गुंडाळलं, गाडीत पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला आणि घरी आणलं. दारात त्यांच्या बायकोने कमरेवर हात ठेवून विचारलं, "अहो, म्हणजे आता मी कायमची मागे बसायचं का?"

डॉक्टरांचा हात हलका आहे, माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. पण दिवसभर "मोठा आ करा, जीभ बाजूला घ्या" असं म्हणून म्हणून त्यांना एक सवय जडलेली. बघायचंय त्याच्या आड काही आलेलं त्यांना खपत नाही. आलं की बाजूला करायचं.

दर रविवारी आम्ही पहाटे उठून लांबच्या तळ्यावर जायचो. काठावर डॉक्टरांसारखे आणखी दहा-पंधरा जण. एकालाही पक्ष्याचं नाव विचारायचं सुचत नाही. सगळे विचारणार, "सर, लेन्स कितीची?" जसं काही मीच अंडी घालते!

आणि ते कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात डोकं घालणं! खंड्या तारेवर येऊन बसला की डॉक्टर कटकट-कटकट पंचवीस फोटो काढणार आणि लगेच मान खाली घालून ते बघत बसणार. इकडे खंड्याने सूर मारला, मासा धरला, आपटला, गिळला. सगळा सोहळा आटोपला की हे मान वर करणार. "गेला वाटतं." मला कपाळ नाही म्हणून, नाहीतर रोज हात मारून घेतला असता.

घरी माझी जागा आईंच्या खोलीतल्या कपाटात. आई म्हणजे डॉक्टरांची आई. ती खोली कोरडी, म्हणून मला तिथे ठेवलेलं. त्यामुळे तिथलं बोलणं सगळं माझ्या कानावर पडायचं. आई मोरीत पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून बाल्कनीच्या दारातली खुर्ची आणि हातातली काठी, एवढंच त्यांचं जग. चिडचिड तेवढी वाढली होती. मग एक दिवस बाल्कनीतल्या वेलीवर शिंजीर पक्ष्याच्या मादीने घरटं बांधायला घेतलं आणि आईंचा सूरच बदलला.

"अरे, बघ तर खरं! कोळ्याचं जाळं आणून चिकटवतेय. अंगठ्याएवढी आहे, पण काय उरक आहे बाईला!"

"हो गं आई, बघतो," म्हणून डॉक्टर मला खांद्याला मारायचे आणि तळ्यावर जायचे. तिथे आमचा सगळा घोळका शिंजीर दिसावा म्हणून झुडपांत माना घालायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

घरट्यात दोन पिल्लं झाली. आणि एका कावळ्याला त्याचा वास लागला. समोरच्या तारेवर तो येऊन बसला की आई काठी फरशीवर आपटायच्या. ठक, ठक. तो उडायचा. सून पहिल्यांदा धावत आली, "काय झालं, आई?"

"काही नाही गं. कावळा होता."

मग घरात तो चेष्टेचाच विषय झाला. आईंचं आणि कावळ्याचं हाडवैर, म्हणे. खरं तर दिवसभर कुणीतरी पहारा देत होतं म्हणून ती पिल्लं वाढत होती. एका संध्याकाळी आई लेकाला म्हणाल्या, "पंख फुटलेत रे दोघांना. आता एक-दोन दिवसांत उडतील. मला तेवढं बघायचंय. मला काही आता बाहेर जाता यायचं नाही, निदान ती जाताना तरी बघेन."

नेमकं त्याच सुमारास डॉक्टरांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये कुणीतरी पिल्लांना भरवणाऱ्या शिंजिरीचा फोटो टाकला. डॉक्टरांनी तो मोठा करकरून पाहिला. आणि रविवारी, आमच्या ह्यांना घरातलं घरटं आठवलं.

आले, मला कॅमेऱ्याला लावलं, आणि थेट घरट्याला जाऊन भिडले. मला अर्थातच धुकं. "बिघडली वाटतं ही." मी बिघडले! मग मागे मागे सरकत शेवटी तिपाई पार मागच्या भिंतीला टेकवली. आता मला घरटं दिसलं, पण मध्ये पानं. डॉक्टरांनी कात्री आणली.

"अरे, ती पानं राहू दे," आई म्हणाल्या. "त्यांच्या आड आहे म्हणून तर सुखरूप आहे."

"आई, आडवी येतायत." कचकच कापली. मग बाल्कनीच्या दाराचा पडदा काढला. मग पुन्हा डोळा लावला तर खालच्या कोपऱ्यात पांढरा धुरकट ठिपका. तो आईंच्या केसांचा होता.

"आई, जरा सरक."

त्या सरकल्या.

"अजून थोडी. नाही गं, येतेच आहेस मध्ये. असं कर, तू बाहेर हॉलमध्ये बस ना. टीव्ही लावून देतो."

"आणि कावळा आला तर?"

"मी आहे ना इथे!"

हाताला धरून नेलं त्यांना. काठी खुर्चीला टेकलेली तशीच राहिली.

फोटो मात्र असा मिळाला, की माझ्या आयुष्यात तसा दुसरा नाही. शिंजिरीच्या चोचीत कोळी, दोन्ही पिल्लांचे आ वासलेले जबडे, उन्हात झळकणारं एकेक पीस. खोटं का बोला, मलाही अभिमान वाटला. आणि मग डॉक्टरांनी मान खाली घातली. पडद्यावर तो फोटो मोठा केला, लहान केला. फोनवर घेतला. ग्रुपवर टाकला. "जबरदस्त, सर!" "काय टायमिंग!" हे हसतायत आणि उत्तरं देतायत.

माझं तोंड घरट्याकडेच होतं. कावळा तारेवर आला तो मी पाहिला. मग वेलीवर आला. आता मध्ये एक पान नव्हतं. मला सगळं स्वच्छ दिसत होतं आणि आवाज तर देवाने दिलेलाच नाही.

हॉलमधून आई ओरडल्या, "कावळा ओरडतोय रे! बघ!"

"हो आई, एक मिनिट."

कावळ्याला एक मिनिटही लागलं नाही. एक पिल्लू त्याने नेलं, दुसऱ्यासाठी लगेच परत आला. डॉक्टर धावले तोवर घरटं फाटून लोंबत होतं. भिंतीला धरत धरत आई आल्या. रागावतील असं वाटलं होतं. पण त्या नुसत्या खुर्चीत येऊन बसल्या; खालच्या कोपऱ्यात तो पांढरा धुरकट ठिपका पुन्हा उमटला. थोड्या वेळाने शिंजीर चोचीत काहीतरी घेऊन आली, घरट्यापुढे फडफडत राहिली, गेली, पुन्हा घेऊन आली. पदराआडून आईंचा हुंदका ऐकू आला. कुणासाठी रडायचं तेही मला कळेना, इतका मला डॉक्टरांचा संताप आला होता.

त्या फोटोचं पुढे खूप कौतुक झालं. डॉक्टरांनी तो घरात कुठेच लावला नाही.

पुढच्या रविवारी ते तळ्यावर गेले नाहीत. मला काढलं, उगाच पुसलं, आणि हॉलच्या पार टोकाला उभे राहून आईंच्या खोलीकडे रोखलं. आणि मला पहिल्यांदा आई स्वच्छ दिसल्या. इतकी वर्षं त्यांच्याच खोलीत राहून मी त्यांचा फक्त आवाज ओळखत होते. कानामागे सरकवलेली बट, हातावरच्या निळ्या शिरा, मांडीवर आडवी काठी. नजर त्या फाटक्या घरट्यावर. तारेवर कावळा बसला आणि त्यांनी सवयीने काठी आपटली. राखायला काही उरलं नव्हतं, तरी आपटली.

दाबा, डॉक्टर, मी मनात ओरडले. दाबा! असा फोटो जन्मात मिळायचा नाही!

आईंनी वळून पाहिलं. "इतक्या लांबून काय बघतोस रे? जवळ ये की."

आणि आमच्या गृहस्थांनी, नको तिथे पंचवीस-पंचवीस फोटो काढणाऱ्या ह्या माणसाने, बटण न दाबता मला टेबलावर ठेवलं आणि ते जवळ गेले.

तेव्हापासून मी कपाटात आहे. रविवारी कुणी हात लावत नाही. भिंगावर बुरशी धरेल, कपाटातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या तरी बदला, हे कुणाला सांगायचं? तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तिला घेऊन जरूर फिरा. फक्त पानं तोडू नका, आणि मान वर ठेवा.

वेल पुन्हा दाट झालीय म्हणे, आणि शिंजीर पुन्हा कोळ्याची जाळी गोळा करतेय. सगळं दाराआडून ऐकते. परवा काठी वाजली. ठक, ठक! आईंचा हात काही इतका जोरात पडत नाही. आणि मी डॉक्टरांचा हात हलका म्हणत होते! फरशी फुटली नाही म्हणजे मिळवली.